तिसरा शेरा

बाईंनी पहिल्या दिवशी संगणकावर स्वतःचंच नाव टाइप केलं, आणि माझ्या प्रोग्रॅमने ते नाकारलं.

वसईच्या पश्चिमेला, गिरीजच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक लहानसा दवाखाना होता. चर्चच्या सिस्टर लोक चालवायच्या. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे केळी. आम्ही वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत राहायला येऊन दोनेक वर्षं झाली होती. त्याआधी मी मुंबईत एका कंपनीत प्रोग्रॅमर होते. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, आणि ती शाळेत जायला लागली तशी माझी सकाळ रिकामी पडू लागली. शेजारच्या इमारतीतली नर्स त्या दवाखान्यात जायची. एकदा टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभ्या असताना ती म्हणाली, “आमच्याकडे कोणीतरी एक संगणक आणून दिलाय. त्याच्यावर नुसतं फडकं घातलंय. तू ये ना बघायला.”

मी गेले. फडक्याखाली बऱ्यापैकी यंत्र होतं. आणि भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या होत्या, त्यांत पेशंटांची कार्डं. लेकरांच्या लसी, बायकांची बाळंतपणं, म्हाताऱ्यांचे रक्तदाब, सगळं त्या कार्डांवर निळ्या शाईत. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, हे सगळं संगणकात जाईल का? मी म्हटलं, का नाही जाणार. घरी बसून तीन आठवड्यांत प्रोग्रॅम लिहिला. त्यात मला सर्वांत जास्त अभिमान होता तो तपासणीचा. चुकीची माहिती आत शिरूच नये म्हणून मी दारावर कडक पहारा बसवला होता.

कार्डं वाचून टाइप करायचं काम बाईंनी घेतलं. त्या गिरीजच्याच. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, साठीतल्या, फिकट सुती साडी, चष्मा दोरीने गळ्यात. गावात लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत, मीही म्हणू लागले. टायपिंग त्यांनी तरुणपणी शिकून ठेवलं होतं. खुर्चीवर बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “आधी माझं नाव घालून बघते. दुसऱ्याच्या नावावर प्रयोग नको.”

लाल चौकट आली. यंत्राने भसाडा आवाज काढला. चौकटीत मी इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलेलं मराठी वाक्य होतं: चूक. नाव अवैध आहे.

बाईंनी चष्मा सारखा केला. “अवैध म्हणजे काय गं?”

“म्हणजे... चालत नाही असं, बाई.”

“अवैध म्हणजे बेकायदेशीर. अवैध दारू असते. अवैध बांधकाम असतं. माझं नाव अवैध कसं होईल? बाप्तिस्म्यापासून हेच आहे.”

वसईतल्या कितीतरी ख्रिस्ती घरांसारखं त्यांचं आडनाव होतं. इंग्रजीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एक स्वल्पविराम टांगलेला असतो, तसलं. मी नियम घातला होता की नावात फक्त अक्षरं हवीत. मला पटकन सुचलं ते मी बोलून गेले, “ते चिन्ह गाळून टाका ना. काय फरक पडतो?”

त्यांनी हात की-बोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. “तुझ्या नावातला काना गाळू का मी?”

मी त्याच दिवशी तो नियम बदलला. तेव्हा वाटलं, एवढंच होतं.

तसं ते नव्हतं. पुढच्या महिनाभरात माझ्या पहाऱ्याने जवळजवळ अर्धं गाव परत पाठवलं. कुणाचं गाव यादीत नाही, कुणाला घर क्रमांकच नाही कारण वाडीला क्रमांक नसतो, कुणी नवऱ्याचं नाव सांगत नाही. बाई प्रत्येक वेळी थांबायच्या आणि एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवायच्या. मी दर दोन दिवसांनी जायचे तेव्हा ती वही माझ्यापुढे सरकवायच्या. तारीख, कार्ड, प्रोग्रॅम काय म्हणाला, खरं काय आहे. पाठ तपासल्यासारखी ती वही मी घरी नेऊन वाचायचे.

सगळ्यांत जास्त अडलं जन्मतारखेपाशी. प्रोग्रॅमला पूर्ण तारीख लागायची, दिवस-महिना-वर्ष. म्हाताऱ्या बायका सांगायच्या, आमचं बावखल आटलं होतं त्या साली मी चालायला लागले होते. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. ते कुठल्या साली आटलं ते आता कोण सांगणार? एका सकाळी मी बाईंनी भरलेल्या नोंदी चाळत होते, तर पानंच्या पानं एकाच तारखेची. एक जून. एक जून. एक जून.

“बाई, हे काय? सगळं गाव एका दिवशी जन्मलं?”

त्या हसल्या. पहिल्यांदाच मोकळं हसल्या. “अगं, हे मी नाही केलेलं. कार्डावरच आहे. आणि कार्डावर शाळेच्या दाखल्यावरून आलंय. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. आई पोराला धरून आणायची, तारीख विचारली की नुसती बघत राहायची. मग आम्ही मास्तर लोक एक जून लिहून टाकायचो. मी स्वतः किती पोरांना एक जून वाटलाय!” मग त्यांचं हसू ओसरलं. “पण बघ हं. ही तारीख खोटी आहे, ती तुझा प्रोग्रॅम मुकाट्याने आत घेतो. माझं नाव खरं आहे, ते त्याने बाहेर ठेवलं.”

घरी येताना एसटीत खिडकीशी बसून मी हेच घोळवत होते. कंपनीत इतकी वर्षं काम केलं, पण मी तपासत होते ते अक्षरांचं रूप. खरंखोटं मला त्यातून कळतच नव्हतं.

दोन दिवसांनी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वही तपासताना आम्ही बरोबरला बरोबर आणि चुकीला फुली करायचो. नुसती फुली मारली की मूल वही मिटून टाकतं. म्हणून समासात शेरा लिहायचा. काय चुकलं, काय हवं होतं. आणि आपल्यालाच नक्की ठाऊक नसलं की तिसरा शेरा असायचा. ‘भेट.’ म्हणजे तू येऊन मला समजाव.”

मी प्रोग्रॅममध्ये तिसरा शेरा घातला. बरोबर, चूक, आणि “विचारा”. एक जून आला की तो नोंद आत घ्यायचा, पण बाजूला खूण करायचा. वय ठाऊक नसेल तर “अंदाजे” लिहायची मुभा दिली. आणि चौकटीतली सगळी वाक्यं बाईंनी नव्याने लिहिली. “अवैध” हा शब्द हद्दपार झाला. “या गावाचं नाव माझ्या यादीत नाही. नवीन गाव असेल तर यादीत घालू का?” असं माझा प्रोग्रॅम विचारू लागला. भसाडा आवाज मी काढून टाकला.

माझा एक जुना सहकारी मुंबईच्या त्याच कंपनीत होता. तो एका रविवारी सहकुटुंब आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा मी त्याला हे दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “हा तपासणीचा भाग वेगळा काढ. लायब्ररी कर त्याची. नेटवर टाक, ओपन सोर्स.”

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅमर मंडळी एकमेकांसाठी लिहून ठेवतात ते तयार तुकडे. आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचे आणि वापरायचे. आणि ओपन सोर्स म्हणजे त्याच्या आतलं सगळं उघडं. कुणीही वाचावं, बदलावं, पुढे द्यावं. मी बाईंना हे समजावलं तेव्हा मला वाटलं त्यांना पटणार नाही. त्यांनी मागच्या केळींकडे बोट केलं. “या लावलेल्या नाहीत गं विकत आणून. सांडोरच्या माझ्या बहिणीने मुनवे दिले होते. तिला तिच्या जावेने दिले होते. केळीच्या बुडाशी कोंब येतात ते ठेवून कुणी काय करणार? देऊन टाकायचे.”

सूचनांची वाक्यं बाईंनी इंग्रजीतही करून दिली, आणि वसई स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून मी ती लायब्ररी नेटवर चढवली. घरी फोनची लाइन होती, पण मोडेम किंचाळून किंचाळून जोडला गेला की नेमकं कुणाचा तरी फोन यायचा. कॅफेत शेजारी एक कॉलेजची मुलगी बायोडाटा भरत होती, समोर एक गृहस्थ रेल्वेचं आरक्षण बघत होते. माझी फाइल चढायला वीस मिनिटं लागली. चढली तेव्हा कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून काउंटरवरच्या माणसालाच सांगितलं. तो म्हणाला, “अच्छा अच्छा,” आणि मला प्रिंटआउट हवा का विचारलं.

दोन महिने काहीच झालं नाही. मग ई-मेलवर एक पत्र आलं. दूरच्या एका थंड देशातला माणूस. तो खरोखरीचा ग्रंथपाल होता, पुस्तकांच्या लायब्ररीतला. वाचकांच्या नोंदी तपासायला तो माझी लायब्ररी वापरत होता. त्याच्याकडे तारीख आणि महिना उलटसुलट होत होते, ते त्याने दुरुस्त केलं होतं आणि ती दुरुस्ती मला पाठवली होती. शेवटी लिहिलं होतं की, तुमच्या सूचनांची भाषा फार सभ्य आहे, कुणी लिहिली?

मी पत्र छापून बाईंकडे नेलं. इंग्रजी त्या उत्तम वाचायच्या. दोनदा वाचलं, घडी घातली आणि वहीत ठेवलं. “त्याला लिही,” म्हणाल्या, “वसईतल्या एका मास्तरणीने.”

त्यानंतर पत्रं येत राहिली. एकाच्या देशात माणसाला आडनावच नसतं. माझा प्रोग्रॅम त्याला आडनाव दे म्हणून अडून बसायचा. एकीचं अख्खं नाव दोन अक्षरांचं. मी किमान तीन मागत होते. बाईंना या पत्रांचं फार अप्रूप. मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे दिवस. मुलीला शाळेत सोडायचं, पूल ओलांडून पश्चिमेला यायचं, एसटीने गिरीज. बाई काळा चहा करायच्या, बशीत सुकेळी ठेवायच्या. केळी उन्हात वाळवून केलेली ती तपकिरी सुकेळी चघळत आम्ही जगभरातल्या माणसांची नावं वाचत बसायचो. भारनियमनाने वीज गेली की पडवीत येऊन बसायचो आणि कागदावर काम करायचो. इतकी सावकाश, इतकी भरलेली सकाळ मला नंतर कुठल्याच ऑफिसात मिळाली नाही.

“विचारा” अशी खूण असलेल्या नोंदी आम्ही महिन्याला छापायचो. तो कागद घेऊन बाई पायी निघायच्या, आणि बरेचदा मीही. गिरीजच्या वाड्यांमधून, सांडोरच्या गल्ल्यांमधून, कुंपणाकुंपणाला थांबत. माझ्याशी शाळेतलं मराठी बोलणाऱ्या बाई दारात गेल्या की घरच्या बोलीवर यायच्या, आणि मला निम्मंच कळायचं. एखादी आजी आपलं वय ठरवायला शेजारणीला हाक मारायची. शेजारीण म्हणायची, तू माझ्यापेक्षा मोठी. आजी म्हणायची, मुळीच नाही. यातून अर्धा तास निघायचा. परतताना पिशवीत वांगी, अळूची पानं, कधी केळफूल. माझ्या मुलीला त्या वर्षांत वाटायचं की संगणकाचं काम म्हणजे भाजी आणणं.

चूक केली ती मी, आणि सुधारणा म्हणून केली.

दोन वर्षांनी लायब्ररी वापरणारे बरेच झाले होते. पत्रांत एक तक्रार सारखी यायची: तिसरा शेरा चांगला आहे, पण “विचारा”चे ढीग साचतात, विचारायला कुणाला वेळ आहे? उघड उघड दिसतं ते प्रोग्रॅमने स्वतःच दुरुस्त करावं. मला ते पटलं. मीही थकले होते. बाईंचे गुडघे सुजायला लागले होते, त्या पावसाळ्यात चिखलातून फिरताना मला बघवत नव्हतं. मी नवीन आवृत्ती लिहिली. दोन नोंदी जवळजवळ सारख्या असतील तर प्रोग्रॅम त्या एकच धरून जोडून टाकायचा. न विचारता. ग्रंथपालाने लिहिलं, थोडं थांबू या का, अजून तपासू. मी थांबले नाही. मोठ्या उत्साहाने ती आवृत्ती बाहेर काढली, दवाखान्यातही बसवली. बाईंना सांगितलं, आता तुमचा कागद निम्मा होईल. झालाही.

सहा-सात आठवडे गेले. एका शुक्रवारी मी दवाखान्यात असताना मिठागराच्या बाजूची एक तरुण बाई लेकराला लस टोचायला घेऊन आली. नर्सने पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, “हिची गोवराची लस झालीय की. मागच्याच महिन्यात.”

“नाय ओ ताय,” ती म्हणाली. “कदी झाली? मी आनलीच नवती हिला.”

“कॉम्प्युटरवर आहे बघ. तारीख आहे.”

तिने पडद्याकडे पाहिलं. मग नर्सकडे, मग माझ्याकडे. मला खरंच वाटलं की ती विसरली असेल. तिलाही तसंच वाटू लागलेलं दिसलं. “आसंल मग,” असं पुटपुटत तिने लेकराचं टोपडं सारखं केलं आणि ती उठली.

“थांब गं,” बाई म्हणाल्या.

त्या आतल्या खोलीत गेल्या. कार्डांच्या पेट्या काढून टाका असं मी वर्षभर सांगत होते, जागा अडते म्हणून. बाईंनी एकही पेटी हलवू दिली नव्हती. त्या पाच मिनिटांनी आल्या त्या दोन कार्डं घेऊन. दोन आया. दोघींचं नाव तेच, नवऱ्यांचं नाव तेच, गाव तेच, आणि त्या गावात निम्म्यांचं आडनाव तेच. दोघींच्या लेकी दोन दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या. नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, म्हणून दोघींच्या नावाच्या जागी नुसतं “बाळ”. माझ्या प्रोग्रॅमने ठरवलं होतं की ही एकच मुलगी आहे आणि कुणीतरी तारीख टाइप करताना चुकलंय. एकीची लस त्याने दुसरीच्या खात्यावर चढवली होती.

लेकराला लस मिळाली. ते जोरात रडलं. आई त्याला थोपटत निघून गेली, जाताना बाईंना म्हणाली, “येते बाय.” माझ्याकडे तिने पाहिलंही नाही, आणि का पाहावं?

दुपारची चर्चची घंटा होईपर्यंत बाई कार्डं टाइप करत राहिल्या. मग चहाचा कप पुढे ठेवून म्हणाल्या, “त्याने मला विचारलं का नाही?”

“विचारायचं मीच काढून टाकलं, बाई.”

“का?”

“तुमची पायपीट वाचावी म्हणून.”

“मी कधी म्हटलं माझे पाय दुखतात?”

मला रडू आलं. बाईंनी समजूत घातली नाही, पण उठूनही गेल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “ती बाई बघितलीस? स्वतःच्या लेकराचं तिला माहीत होतं. तरी म्हणाली, असेल मग. लोक यंत्रावर विश्वास ठेवतात गं. आपल्यापेक्षा जास्त.”

त्या आणि पुढच्या आठवड्यात आम्ही पेट्या उघडून जोडलेली एकूण एक नोंद कार्डाशी ताडून पाहिली. आणखी काही जोड्या सापडल्या; लस चुकलेलं लेकरू मात्र दुसरं नव्हतं. पण माझा जीव दुसरीकडेच टांगला होता. ती आवृत्ती जगात कुठे कुठे गेली होती. तिथे पेट्या होत्या का? पेटी टाकू न देणारं कुणी होतं का?

माफीचं पत्र मी इंग्रजीत लिहिलं, छापलं आणि बाईंना दाखवलं. त्यांनी लाल पेन काढलं. पहिलंच वाक्य होतं, काही तांत्रिक कारणांमुळे नोंदी चुकीच्या जोडल्या गेल्या असण्याची शक्यता आहे.

“काही तांत्रिक कारणं म्हणजे कोण?”

“मी.”

“मग ‘मी’ लिही. आणि ‘शक्यता आहे’ कशाला? झालंय ना?” त्यांनी अर्ध्याहून जास्त मजकूर खोडला. जे उरलं ते सहा ओळींचं होतं. मी काय केलं, त्याने काय बिघडतं, ताबडतोब काय करा, जुनी आवृत्ती कुठे मिळेल. आणि एक वाक्य बाईंचं: तुमच्याकडे मूळ कागद असतील तर ते टाकू नका.

ते पत्र पाठवून मी स्टेशनपाशी बराच वेळ नुसती उभी होते. उत्तरं आली. एक फार कडक होतं, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. एकाने लिहिलं, आमच्याकडेही घडलं होतं, आम्ही आमचीच चूक समजत होतो. ग्रंथपालाने “मी सांगितलं होतं” असं म्हटलं नाही. त्याने एक पद्धत सुचवली. आजवर जिथे जिथे चुकलं, त्या प्रत्येकाचं एक उदाहरण लिहून ठेवायचं, आणि नवीन काहीही बदललं की आधी ती सगळी उदाहरणं प्रोग्रॅमकडून पुन्हा सोडवून घ्यायची. एकही चुकलं तर आवृत्ती बाहेर जाणार नाही.

“म्हणजे उजळणी,” बाई म्हणाल्या.

ही उदाहरणं ठेवायच्या कप्प्याचं नाव तेच पडलं. बाईंच्या वह्या तोवर चार झाल्या होत्या. त्यातल्या एकेका नोंदीची, नावं-गावं बदलून, आम्ही उदाहरणं केली. वर टांगलेला स्वल्पविराम, दोन अक्षरांचं नाव, घर क्रमांक नसलेली वाडी, एक जून, दोन आया. त्यात जवळजवळ सगळा हिवाळा गेला. इंग्रजी अक्षरांत “उजळणी” लिहिलेला तो कप्पा नंतर निरनिराळ्या देशांतले प्रोग्रॅमर वापरत राहिले, आणि एकमेकांना विचारत राहिले की “तुझी उजळणी पास झाली का?”

पुढची आवृत्ती फक्त तपासायची. बदलायची काहीच नाही. माहितीला हात लावायचा अधिकार तिला नव्हता. ती दाखवायची, सांगायची, विचारायची. काही लोक यावर नाराज होऊन सोडून गेले. गेले तर गेले. पुढे संगणकावर मराठी नीट लिहिता येऊ लागलं, तेव्हा बाईंनी सगळ्या सूचना पुन्हा एकदा घोटून लिहिल्या, आणि त्यांवरून इतरांनी आपापल्या भाषांत केल्या. एका परक्या भाषेतल्या अनुवादकाने विचारलं, या वाक्यात बोलणारा माणूस वयाने मोठा आहे की लहान? बाई म्हणाल्या, “मोठा. पण ओरडणारा नाही.”

दवाखाना काही वर्षांनी बंद झाला. सिस्टरना दुसरीकडे पाठवलं, जवळपास मोठी इस्पितळं उभी राहिली. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग त्यांनी टायपिंग सोडलं, पण मंगळवारी मी जात राहिले. छापलेली पत्रं वाचून दाखवायचे. बाई गेल्या तेव्हा मी नोकरीला पुन्हा लागून वर्ष झालं होतं. अंत्यविधीच्या मिस्साला त्यांच्या विद्यार्थ्यांनी चर्च भरलं होतं, त्यांतले कितीतरी माझ्याहून मोठे.

नोकरी, मुलीची दहावी आणि लायब्ररी, तिन्ही एकदम जमेना. पत्रांना उत्तर द्यायला मला महिना महिना लागू लागला. एका तरुणीने चार-पाच वर्षांत खूप दुरुस्त्या पाठवल्या होत्या. ती दुसऱ्या खंडात राहायची, आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. मी ग्रंथपालाला विचारलं, आणि मग तिला लिहिलं की हे आता तू सांभाळशील का. तिने दोन दिवस घेतले. होकार देताना एकच गोष्ट विचारली, “मला ठाऊक असायला हवं असं काही आहे का, जे कुठेच लिहिलेलं नाही?”

त्याचं उत्तर लिहायला मला दोन शनिवार-रविवार लागले. ती फाइल बरीच मोठी झाली.

महिनाभराने तिची पहिली आवृत्ती आली. बदलांची यादी मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून वाचली. त्यातले दोन बदल मला मुळीच पटले नाहीत. मी लगेच तसं पत्र लिहायला घेतलं, चांगलं दोन पानी लिहिलं, आणि पाठवायच्या आधी डबा खाऊन घ्यावा म्हणून थांबले. खाऊन झाल्यावर पुन्हा वाचलं आणि पुसून टाकलं. पुढे त्यातला एक बदल तिने स्वतःच मागे घेतला. दुसरा अजून तसाच आहे, आणि मला कबूल करायला हवं, मी जे केलं असतं त्यापेक्षा तो बरा आहे.